मरणाला भ्यालेलें राष्ट्र

जें राष्ट्र पृथ्वीच्या पाठीवर कधींच नांदलें नाहीं, त्याच्या उदयास्ताचा विचार करण्यांत शहाण्या माणसानें वेळ दवडावा काय, असा आक्षेप कोणी घेतल्यास आम्हांस नवल वाटणार नाहीं. खऱ्या राष्ट्रांच्या उत्कर्षाच्या व विनाशाच्या कथांनीं इतिहास तुडुंब भरलेला असतां कल्पित राष्ट्रांची त्यांत भर कशाला, हा प्रश्न वरवर पाहतां रास्तच आहे. परंतु इतिहासाची एक मोठी अडचण असते. रोमचें साम्राज्य कां कोसळलें, हें विचारायला जावें तर करांच्या बोज्यापासून पाण्याच्या शिशाच्या नळांपर्यंत इतकीं कारणें पुढें येतात कीं, विचारणारा भांबावून जातो. पेशवाई कां बुडाली, यावर आपल्याकडे जो वाद पिढ्यान्पिढ्या चालला आहे, त्यांत तर पेशवाईपेक्षां वाद घालणाराच्या जातीची व गांवाचीच माहिती अधिक मिळते. कल्पित राष्ट्राचें तसें नसतें. रसायनशाळेंत ज्याप्रमाणें इतर द्रव्यें बाजूला ठेवून एकाच द्रव्याचा गुण पाहतां येतो, त्याप्रमाणें प्रतिभावान् कथाकार एकच विकार घेऊन तो एका अख्ख्या समाजांत सोडून देतो, आणि हजारों वर्षांच्या अवधींत त्याचा परिणाम काय होतो हें पाहत बसतो. असा एक प्रयोग विसाव्या शतकांत इंग्रजी वाङ्मयांत झाला. त्यासाठीं निवडलेला विकार म्हणजे मरणाचें भय, आणि त्या विकारानें प्रथम पोखरलेल्या, नंतर बुडालेल्या व पुढें दुसऱ्या भूमीवर पुन्हां उगवलेल्या राष्ट्राचें नांव नूमेनोर.

नूमेनोरचा कर्ता जे. आर. आर. टोल्कीन (१८९२–१९७३) हा ऑक्सफर्ड विद्यापीठांत प्राचीन इंग्रजीचा प्राध्यापक होता. त्याला एक स्वप्न वारंवार पडे. एक प्रचंड लाट उभी राहते, झाडांवरून आणि हिरव्या शेतांवरून ती अटळपणें पुढें येते, आणि स्वप्न पाहणारा खोल पाण्यांतून वर आल्याप्रमाणें धापा टाकीत जागा होतो. सन १९३६–३७ च्या सुमारास त्याच्यांत व त्याचा स्नेही सी. एस. लुइस याच्यांत असें ठरलें कीं, एकानें अवकाशांतील प्रवासाची व दुसऱ्यानें काळांतील प्रवासाची कथा लिहावी. लुइसची कथा १९३८ सालीं प्रसिद्ध झाली. टोल्कीनची अर्धवट राहिली. परंतु तिच्या शेवटीं यावयाचें बुडालेलें बेट मात्र त्याला सोडीना. १९५४–५५ मध्यें निघालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या त्याच्या प्रख्यात ग्रंथांत त्या बेटाची छायाच काय ती आहे. सविस्तर कथा त्याच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा क्रिस्टोफर यानें १९७७ व १९८० सालीं संपादून काढलेल्या दोन ग्रंथांत मिळते. बेट बुडाल्याची हकीकत लिहिल्यापासून तें स्वप्न बहुधा पुन्हां पडलें नाहीं, असें टोल्कीननें एका पत्रांत म्हटलें आहे. तो चार वर्षांचा असतां बाप गेला, बारा वर्षांचा असतां आई गेली. पहिल्या महायुद्धांत सोमच्या रणभूमीवर तो स्वतः लढला, आणि १९१८ सालापर्यंत त्याच्या जिवलग मित्रांपैकीं एकच काय तो जिवंत उरला. मृत्यूविषयीं बोलण्याचा अधिकार त्याला ग्रंथ वाचून आलेला नव्हता, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां कथा. देवासुरसंग्रामासारखें एक घोर युद्ध संपल्यावर, ज्या मानवकुळांनीं त्यांत देवांची बाजू घेतली त्यांना बक्षीस म्हणून देवांनीं समुद्राच्या तळांतून एक बेट वर काढून दिलें. पांच टोकांच्या ताऱ्यासारखा त्याचा आकार. पूर्वेस सामान्य मानवांचें खंड, आणि दूर पश्चिमेस अमरांचा देश. बेटाच्या मधोमध मेनेल्टार्मा नांवाचा पर्वत. त्याच्या शिखरावर परमेश्वराचें स्थान होतें. पण तेथें मूर्ति नाहीं, भिंत नाहीं, छप्पर नाहीं. वर्षांतून तीन वेळां, म्हणजे वसंतांत, भर उन्हाळ्यांत व शरदाच्या अखेरीस, सारी प्रजा पांढरीं वस्त्रें नेसून पर्वत चढे. वर गेल्यावर राजाखेरीज कोणीं शब्द उच्चारावयाचा नाहीं, आणि राजानेंहि प्रार्थनेपुरतेंच बोलावयाचें. इतक्या मोठ्या राष्ट्राचें सर्वांत मोठें धर्मकृत्य म्हणजे एकत्र गप्प राहणें, ही कल्पना आमच्या मतें या साऱ्या कथेंतली सर्वांत सुंदर कल्पना आहे. आणि आमच्या देवस्थानांतील ध्वनिवर्धक ज्यांनीं ऐकले आहेत त्यांना तिचें मोल निराळें सांगावयास नको.

या लोकांना सामान्य मानवांच्या तिप्पट आयुष्य मिळालेलें होतें. राजवंशाला त्याहूनहि अधिक. पहिला राजा एल्रोस पांचशें वर्षें जगला. त्याच्या अंगांत मानव व अमर अशीं दोन्ही रक्तें असल्यामुळें कोणत्या जातीचें प्राक्तन पत्करावयाचें हें त्याला निवडावयास मिळालें होतें. त्याच्या भावानें अमरत्व घेतलें. एल्रोसनें मरण घेतलें. म्हणजे राष्ट्राच्या पायांतील पहिली चिराच राजीखुशीनें पत्करलेल्या मरणाची होती. प्रारंभींचे राजे शक्ति ओसरूं लागण्यापूर्वींच राजदंड पुढच्या पिढीच्या हातीं देत आणि आपण होऊन प्राण सोडीत.

एवढें सर्व देऊन देवांनीं एकच निर्बंध घातला. पश्चिमेकडे इतक्या दूर जहाज नेऊं नये कीं, स्वतःच्या बेटाचा किनारा दिसेनासा व्हावा. कारण त्या बाजूस अमरांचा देश होता, आणि तो पाहून मर्त्यांच्या मनांत भलती हांव उत्पन्न होईल अशी देवांना भीति होती. हा निर्बंध अन्यायाचा होता काय? आमच्या वर्गांत हा विषय निघाला म्हणजे तरुण विद्यार्थी एकमुखानें ‘होय’ म्हणतात. कारण न समजावतां घातलेली बंदी स्वाभिमानी माणसानें कां पाळावी, हा त्यांचा प्रश्न पोरकट नाहीं. पुढें नूमेनोरच्या लोकांनींहि देवांच्या दूतांना हेंच विचारलें. त्यावर दूतांनीं दिलेलें उत्तर असें कीं, ती भूमि कोणाला अमर करीत नाहीं. अमर तेथें राहतात म्हणून ती तशी आहे, आणि मर्त्य माणूस तेथें गेला तर प्रखर दिव्यावर झेंप घेणाऱ्या पतंगासारखा लौकरच करपून जाईल. शिवाय अमरांना हें जग सोडून जातां येत नाहीं. जगाचा शेवट होईपर्यंत त्यांना त्याचा शीण वाहावा लागतो. मानवाला मात्र येथून सुटून जाण्याची मुभा आहे, आणि ती शिक्षा नसून देणगी आहे. तेव्हां दोघांपैकीं कोणीं कोणाचा हेवा करावा?

ही विचारसरणी आपल्या वाचकांस परकी वाटूं नये. आपल्या पुराणांतील सात चिरंजीवांत अश्वत्थामाहि आहे, आणि त्याचें चिरंजीवित्व म्हणजे कपाळावरची न भरणारी जखम घेऊन रानोमाळ भटकण्याचा शाप आहे. लहानपणीं ‘चिरंजीव हो’ असा आशीर्वाद घेणाऱ्या आपल्या मुलांना ही गोष्टहि आपण त्याच वयांत सांगतों, हें आपल्या पूर्वजांच्या शहाणपणाचें लक्षण म्हटलें पाहिजे. मात्र एक भेद आहे. पुनर्जन्मावरील श्रद्धेनें आपल्या माणसाच्या हातांत एक उशी दिलेली असते. नूमेनोरच्या माणसाला ती नाहीं. मरणानंतर काय, हें त्याला देवहि सांगूं शकत नाहींत. त्यांनाहि तें ठाऊक नाहीं. ‘देणगी आहे’ या शब्दावर केवळ विश्वास ठेवून त्यानें डोळे मिटावयाचे आहेत. हा विश्वास किती पिढ्या टिकेल?

तो सुमारें दोन हजार वर्षें टिकला. परंतु मरणाचें भय उघड होण्यापूर्वींच त्या समाजाला पहिली चीर पडली होती असें आम्हांस वाटतें, आणि ती एका संसारांत पडली. सहावा राजा आल्दारिओन हा युवराज असल्यापासून समुद्राचा वेडा. त्याची पत्नी एरेन्दिस हिला झाडांचें प्रेम. दोन वर्षांत येतों असें सांगून तो निघाला तो पांच वर्षांनीं परतला. तोंवर तिनें मेंढरांच्या कुरणांत, समुद्रापासून दूर एका पांढऱ्या घरांत, पुरुषाचें वारें न लागूं देतां आपल्या मुलीला वाढविलें होतें. ती मुलगी पुढें नूमेनोरची पहिली राज्यकर्ती राणी झाली. तिच्यासाठीं वारसाचा कायदा बदलला गेला. पण नवरा-बायकोंतील तो विसंवाद तिच्या रक्तांत उतरला तो उतरलाच. ‘अनफिनिश्ड टेल्स’ मधील ही अपुरी कथा वाचून आम्हांस तर वाटतें कीं, युद्धें आणि जादू यांच्या गदारोळांत टोल्कीननें लिहिलेली ही एक अस्सल सामाजिक कादंबरी आहे. आल्दारिओन दुष्ट नाहीं. जहाजांसाठीं झाड तोडलें तर तो बेटावर नवीं झाडें लावतो. पण त्याचीं जहाजें वाढतात, लांकूड पुरेनासें होतें, आणि मग समुद्रापलीकडच्या खंडाच्या किनाऱ्यावरील अरण्यांवर कुऱ्हाड चालूं लागते. तेथें मात्र नवें झाड लावण्याची आठवण कोणास राहत नाहीं. ज्यांचें तें अरण्य होतें ते लोक देशोधडीला लागतात आणि पिढ्यान्पिढ्यांचे वैरी होतात. आपल्या घरच्या तुळशीला पाणी घालावें आणि शेजाऱ्याचें आंबराईचें रान तोडावें, अशांतला हा प्रकार. साम्राज्याचा आरंभ कसा होतो हें पाहावयाचें असेल तर त्यानें हीं पानें वाचावींत. आरंभीं नूमेनोरचे लोक त्या खंडांत शेती शिकवावयास आले, दगड घडवावयास, लांकूड कांतावयास शिकवावयास आले. लोकांनीं त्यांना देव मानलें. पुढें ते खंडणी मागूं लागले. याच क्रमानें आलेले पाहुणे ज्या देशानें दीडशें वर्षें पाहिले, त्या देशांतील वाचकांना यावर भाष्याची जरुरी नाहीं.

मग मरणाचें भय उघड झालें. तार-मिनास्तीर या राजानें सॉरॉन नामक दुष्ट शक्तीविरुद्ध आपलें थोर आरमार धाडून पूर्वेकडील मित्रांना वांचविलें. पण त्याच राजानें पश्चिम किनाऱ्याजवळ एक उंच मनोरा बांधला आणि अमरांच्या देशाकडे टक लावून बसण्यांत तो आपले दिवस घालवूं लागला. राष्ट्राच्या पराक्रमाचा कळस आणि त्याच्या हेव्याचा आरंभ एकाच कारकीर्दींत पडावा, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. दोनच पिढ्यांनीं आतानामीर राजा झाला. आपण होऊन राजदंड खालीं ठेवण्याचें ज्यानें प्रथम नाकारलें तो हा राजा. बुद्धि भ्रमिष्ट झाली, शरीर गळालें, तरी तो सिंहासनाला चिकटून राहिला आणि मरणानें ओढून नेला तेव्हांच गेला. तोंवर त्याचा मुलगा वाट पाहत ताटकळत राहिला. ययातीची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. ययातीनें पुत्राचें तारुण्य घेतलें तें निदान मागून घेतलें, आणि शेवटीं उबग येऊन परत केलें. आतानामीरनें न मागतां घेतलें आणि परत केलें नाहीं. जी पिढी जागा सोडीत नाहीं ती पुढच्या पिढीचें आयुष्य खाते, हें या दोन्ही कथांतलें सत्य राजवाड्यापुरतें मर्यादित नाहीं. संस्थांचे तहहयात अध्यक्ष, पक्षांचे पुढारी आणि, स्पष्टच सांगावयाचें तर, आमच्यासारखे प्राध्यापक यांनींहि तें वाचून पाहावें.

यापुढें सर्व कांहीं थडग्यांकडे वळतें. बेटावरील विद्वान् आयुष्य लांबविण्याची अगर मेलेल्याला उठविण्याची युक्ति शोधूं लागले. त्यांना सांपडली ती एकच विद्या: प्रेत न कुजूं देण्याची. देश थडग्यांनीं भरला. दुसऱ्या बाजूनें जिवंत माणसें खाण्यापिण्यांत व चैनींत बुडालीं. मरण डोळ्यांआड करण्याच्या या दोन तऱ्हा एकाच घरांत सुखानें नांदतात, हा टोल्कीनचा तर्क खोटा नाहीं. याच काळांत राजांनीं अमरांची भाषा निषिद्ध ठरविली. जे ती जुनी भाषा बोलत, जुन्या मित्रांशीं स्नेह ठेवीत, त्यांना ‘निष्ठावंत’ म्हणत. त्यांना त्यांच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या घरांतून उठवून पूर्वेला नेऊन ठेवण्यांत आलें. मधल्या एका राजाला, तार-पालान्तीरला, पश्चात्ताप झाला, व त्यानें जुनी रीत पुन्हां चालू केली. राजवाड्यापाशीं निम्लोथ नांवाचा जो श्वेतवृक्ष होता, तो नष्ट होईल त्या दिवशीं राजवंशहि संपेल, असें त्यानें सांगून ठेवलें. त्याला मुलगा नव्हता. त्याची मुलगी मीरिएल हिच्याशीं तिच्या इच्छेविरुद्ध तिच्याच चुलतभावानें लग्न लावलें आणि राजदंड बळकावला. हाच शेवटचा राजा, आर-फाराझोन.

आर-फाराझोन बेटाच्या साऱ्या राजांत बलाढ्य. त्याचें सैन्य पाहून सॉरॉनचे अनुयायी पळून गेले आणि सॉरॉन स्वतः शरण आला. राजानें त्याला बंदी म्हणून बेटावर आणलें, व तीन वर्षांच्या आंत तो बंदी राजाचा अंतरंगींचा सल्लागार होऊन बसला. त्यानें राजाला नवें असें कांहींच शिकविलें नाहीं. राजाच्या मनांत जें होतें तेंच त्यानें राजाला मोठ्यानें ऐकविलें: अमरत्व ही देवांनीं लपवून ठेवलेली ठेव आहे, आणि बळ असेल त्यानें ती घ्यावी. मग राजधानींत एक मंदिर उभें राहिलें. पायथ्याशीं ५०० फूट रुंद, ५० फूट जाड भिंतींचें, ५०० फूट उंच, आणि वर चांदीचा घुमट. त्या वेदीवरच्या पहिल्या अग्नींत श्वेतवृक्ष जाळला. मग माणसें जाळलीं, बहुतेक निष्ठावंतांपैकीं. मरण टळावें म्हणून हे बळी दिले जात. त्या धुरानें चांदीचा घुमट काळा पडला, आणि मरण मात्र पूर्वींपेक्षां लौकर व वेड आणि रोग बरोबर घेऊन येऊं लागलें. मेनेल्टार्माचें छप्पर नसलेलें शिखर ओस पडलें. शेवटीं म्हातारपण जवळ आल्याची चाहूल लागतांच आर-फाराझोननें अमरांच्या देशावर स्वारी केली, आणि त्याच्या पावलाचा ठसा तेथल्या वाळूंत उमटतांच जगाचा आकारच बदलला, समुद्र दुभंगला, व बेट गेलें. राणी मीरिएल पर्वताच्या वाटेनें वर धांवत होती; शिखर गांठण्यापूर्वीं लाटेनें तिला गांठलें.

येथें आमचा या कथेशीं एक झगडा आहे, व तो लपवून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. त्या बेटावर विणकर होते, माळी होते, पाळण्यांतलीं पोरें होतीं. त्यांनीं आरमार नेलें नव्हतें. टोल्कीन हें विसरलेला नाहीं. बेटाबरोबर बायका, मुलें, बागा, गाणें, हंसणें हें सारें बुडालें असें तो मुद्दाम सांगतो. पण त्यांचा अपराध काय, याचें उत्तर तो देत नाहीं, आणि बेटावर घाला घालणारा साक्षात् परमेश्वर असल्यामुळें तो प्रश्न अधिकच टोंचतो. टोल्कीन कॅथलिक पंथाचा श्रद्धाळू होता व नोहाच्या प्रलयाची कथा त्याच्या मनांत असावी, एवढ्यानें आमचें समाधान होत नाहीं. आमची समजूत अशी कीं, ही न्यायाची कथा म्हणून वाचूंच नये. राष्ट्र हें एक जहाज असतें. तळाला भोंक पाडणारा एक असतो आणि बुडणारे सर्व असतात. मंदिराचा धूर जेव्हां रोज दिसत होता तेव्हां विणकरहि तो पाहत होते. त्यांत जाळलीं जाणारीं माणसें बोलावयाच्या भाषेवरून निवडलीं जात होतीं, हें त्यांना ठाऊक होतें. त्यामुळें पाळण्यांतलें पोर दोषी ठरत नाहीं, हें खरें. तरी पण एका माणसाच्या भयाला सारें राष्ट्र जेव्हां आपला धर्म करून घेतें, तेव्हां त्याची किंमत कोण देतो हें कथेनें दडवून ठेवलें नाहीं, एवढें तिच्या पदरीं घालावें लागतें.

द्वारका बुडाली तेव्हां अर्जुन उरलेल्यांना घेऊन बाहेर पडला आणि कृष्णाच्या पणतूला, वज्राला, त्यानें इंद्रप्रस्थीं गादीवर बसविलें. नूमेनोरमधून एलेन्दिल नांवाचा निष्ठावंत सरदार आपल्या दोन मुलांसह नऊ जहाजें घेऊन निसटला. त्याचा म्हातारा बाप आमान्दिल देवांकडे क्षमा मागावयास होडींतून पश्चिमेला गेला होता. त्याचें पुढें काय झालें हें कोणास कळलें नाहीं. त्या नऊ जहाजांत राजदंड नव्हता. होतें तें एक रोप. श्वेतवृक्ष जाळण्यापूर्वीं एलेन्दिलचा मुलगा इसिल्दूर रात्रीं वेष पालटून पहाऱ्यांतून आंत शिरला होता आणि एक फळ तोडून, अंगावर अनेक वार घेऊन परतला होता. तो मरणाच्या दारीं पडून होता; वसंतांत त्या फळाच्या रोपाला पहिलें पान फुटलें तेव्हां तो बरा झाला. राष्ट्राचा पुनर्जन्म म्हणून कांहीं असेल तर तो आम्हांस येथें दिसतो. नूमेनोरमधला एक माणूस कित्येक शतकांनीं प्रथमच स्वतःचें आयुष्य लांबविण्याकरितां धडपडत नव्हता, तर दुसऱ्या कशाकरितां तरी तें द्यावयास निघाला होता.

त्या वंशजांनीं खंडावर गोन्दोर नांवाचें राज्य स्थापिलें. पण व्याधि जहाजांबरोबर आलीच होती. आपल्या दीर्घायुष्याचा गोन्दोरला इतका गर्व कीं, एका राजाची आई उत्तरेकडील अल्पायुषी लोकांतली निघतांच, मिसळलेल्या रक्तानें आयुष्य घटेल या भीतीनें यादवी माजली, राजधानी जळाली, दहा वर्षें एक क्रूर माणूस सिंहासनावर बसला. पुढें तोच अर्धपरका राजा परत आला, आणि भाकित केल्याप्रमाणें त्याच्या वंशाचें आयुष्य कांहीं एकाएकीं घटलें नाहीं. रक्तशुद्धीच्या अभिमानाचा हा मासला आपल्याकडच्या वाचकांनीं फार दूरचा समजूं नये. गोन्दोरमध्यें थडगीं घरांहून सुंदर झालीं, पूर्वजांच्या नांवांना मुलांच्या नांवांहून अधिक भाव आला, आणि शेवटीं राजवंशच निपुत्रिक संपला. श्वेतवृक्ष वाळला, पण दुसरें रोप मिळेना म्हणून तो वाळलेलाच चौकांत उभा ठेवला, सुमारें दीडशें वर्षें. एवढें सर्व झालें तरी या देशांत एक गोष्ट शिल्लक होती. सरदार फारामीर आपल्या शिपायांसह जेवावयास बसण्यापूर्वीं क्षणभर पश्चिमेकडे तोंड करून गप्प उभा राहतो: बुडालेल्या बेटाकडे, त्याच्या पलीकडच्या अमरांच्या देशाकडे, आणि त्याच्याहि पलीकडे जें आहे त्याकडे. आपण चित्राहुति घालतों तितकाच वेळ. मेनेल्टार्माचें मौन समुद्रांत बुडालें नव्हतें. तें जेवणाच्या पंक्तींत येऊन बसलें होतें.

फारामीरचा बाप देनेथोर हा राज्याचा कारभारी. शत्रु दाराशीं आला तेव्हां त्यानें मुलासकट स्वतःला चितेवर जाळून घेण्याचें ठरविलें. मुलगा वांचला, बाप जळाला. सारें पूर्वीं होतें तसेंच राहावें, नाहीं तर कांहींच राहूं नये, ही त्याची मागणी होती. दहनाचें आपल्याकडे वावडें नाहीं. पण मुलगा जिवंत असतां त्याची चिता रचणारा बाप म्हणजे आतानामीरचाच शेवटचा अवतार, असें आम्ही समजतों.

बहुतेक वाचकांच्या मतें गोन्दोरचा पुनरुद्धार आरागॉर्नच्या राज्याभिषेकानें होतो. वाजंत्री तेथेंच वाजतात, आणि चित्रपटकारांनाहि तेंच दृश्य सोयीचें. आम्हांस त्या समारंभापेक्षां नंतरची एक लहान गोष्ट मोलाची वाटते. पर्वताच्या बर्फाळ कडेवर आरागॉर्नला श्वेतवृक्षाचें एक रोप सांपडतें. तें चौकांत लावण्यासाठीं वाळलेला वृक्ष उपटावा लागतो. पण तो जाळीत नाहींत. राजांच्या व कारभाऱ्यांच्या समाधींच्या शांत गल्लींत त्याला नेऊन निजवितात. नूमेनोरनें जिवंत झाड जाळलें होतें. गोन्दोरनें मेलेलें झाडहि जाळलें नाहीं. आणि खरी कसोटी त्याच्याहि १२० वर्षांनीं लागते. राजा आता २१० वर्षांचा झालेला आहे, पण अजून ताठ आहे, बुद्धि शाबूत आहे. तो राजदंड व मुकुट मुलाच्या हातीं देतो आणि समाधिगृहांत जाऊन पडतो. त्याची राणी, जिनें त्याच्याकरितां अमरत्व सोडलें, ती त्याला आणखी थोडें थांबावयास विनविते. भ्रमिष्ट होऊन सिंहासनावरून गळून पडेपर्यंत थांबूं काय, असा त्याचा तिला प्रतिप्रश्न आहे. आतानामीरला मिळालेलें हें उत्तर आहे, सुमारें चार हजार वर्षांनीं. राजीखुशीनें पत्करलेलें मरण महाराष्ट्राला नवें नाहीं. १२९६ सालीं आळंदीला ज्ञानेश्वरांनीं समाधि घेतली, आणि १९८२ सालीं पवनारला विनोबांनीं अन्न-औषध सोडून देह ठेवला. पण त्या विरक्त पुरुषांच्या गोष्टी. भोगांत राहिलेल्या, अजून हातीं सत्ता असलेल्या माणसाला तें करतां येतें काय, हा टोल्कीनचा प्रश्न आहे. राणीचें दुःख तो पुसून टाकीत नाहीं, हें त्याचें मोठेपण. ती समजूत पटलेली म्हणून मरत नाहीं. पतीच्या मागें ओसाड झालेल्या एका वनांत एकटी जाऊन ती मरते. ‘देणगी’ हा शब्द तिला शेवटपर्यंत कडूच लागतो.

ही कथा येथेंच थांबली असती तर पुनर्जन्म झालेलें राष्ट्र कायमचें सुखी झालें, असें समजून आपण पुस्तक मिटलें असतें. परंतु टोल्कीननें त्यापुढची एक कथा लिहावयास घेतली होती. ‘नवी छाया’ अशा अर्थाचें तिचें नांव. थोडींच पानें झाल्यावर त्यानें ती सोडून दिली, आणि १९९६ सालीं ती छापून निघाली. काळ आरागॉर्नच्या मुलाच्या कारकीर्दीचा. युद्ध पाहिलेले लोक आतां फारसे उरलेले नाहींत. सुबत्तेला कंटाळलेलीं पोरें जुन्या राक्षसांचीं सोंगें घेऊन नासधूस करण्यांत रमतात. नदीकांठच्या बागेंत बोर्लास नांवाचा एक म्हातारा एका तरुणाशीं बोलत बसला आहे. या तरुणानें लहानपणीं कच्चीं सफरचंदें तोडलीं होतीं, आणि म्हाताऱ्यानें त्याला ‘हें राक्षसांचें काम’ म्हणून रागें भरलें होतें. तो शब्द तरुणाच्या मनांत अजून सलतो आहे. झाडांच्या दृष्टीनें पाहिलें तर लांकूड तोडणारीं सगळींच माणसें राक्षस नव्हेत काय, असें तो विचारतो, आणि म्हाताऱ्याला नीट उत्तर देतां येत नाहीं. संध्याकाळ होते, तरुण निघून जातो. म्हातारा घराकडे वळतो. आंत दिवा नाहीं. तो हांक मारतो, ओ येत नाहीं. अरुंद बोळांत तो थबकतो, आणि फार वर्षांपूर्वीं ओळखीचा असलेला एक वास त्याच्या नाकाला लागतो. हस्तलिखित त्या काळोखांतच तुटलें आहे.